सुती बेडशीट घेताय? दरवर्षी मला विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी तोंडावर आली, किंवा कुणाच्या घरी लग्न निघालं, की कोल्हापुरात आमच्या दारात पिशव्या येतात. "काकू, जरा बघा की वो, हे खरं कॉटन हाय न्हवं?" इचलकरंजीत एका कापड कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात मी एकोणीस वर्षं कापड तपासत होते. उतरत्या काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरून सरकत येणारा तागा आणि हातात खडू. तुटलेली तार दिसली की खूण करायची. नोकरी सुटली, पण बोटांची सवय सुटली नाही. कुणाच्या घरी गेले तरी मी आधी पलंगपोसाचा कोपरा चुरगाळून बघते आणि आमची सून माझ्याकडे बघते.

प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांत ती येणार आहे. दुकानात तुमच्या हाताला लागतं ते फिनिश, म्हणजे शेवटी कापडावर चढवलेली खळ आणि सॉफ्टनर. कापड भेटतं पहिल्या काही धुण्यांनंतर. मग दुकानात उभं राहून फिनिशच्या आतलं कापड ओळखायचं कसं, एवढाच काय तो खेळ आहे.

पाकिटावर ‘कॉटन’ छापलंय. मग शंका घ्यायची कशाला?

कारण ‘कॉटन’ या शब्दाच्या मागेपुढे काय छापलंय ते आपण वाचत नाही. ‘ग्लेस कॉटन’ नावाने जे विकलं जातं ते बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं, निदान त्यात पॉलिस्टर भरपूर असतं. ‘कॉटन फील’ म्हणजे कॉटनसारखं लागणारं, म्हणजेच कॉटन नसलेलं. ‘कॉटन रिच’ म्हणजे कॉटन जास्त, बाकीचं दुसरं काहीतरी. ‘मायक्रोफायबर’ तर सरळसरळ पॉलिस्टरच. यातलं काहीच खोटं छापलेलं नाही. आपण घाईत फक्त आपल्याला हवा तो शब्द वाचतो.

बघायचं ते टक्क्याचं. ‘१००% कॉटन’ असं स्वच्छ लिहिलंय का? नसेल तर दुकानदाराला म्हणा, "बिलावर शंभर टक्के कॉटन असं लिहून द्या." या एका वाक्याने जेवढं कळतं तेवढं कापड चोळून कळत नाही. ज्याचा माल खरा आहे तो लगेच पेन उचलतो. दुसरा म्हणतो, "ताई, कॉटनसारखंच आहे, बिनधास्त न्या."

दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

पाकीट उघडायला लावा. बंद पाकिटाची बेडशीट घेऊ नका, मग ती कितीही नावाजलेली असो. एक कोपरा मुठीत घट्ट दाबून धरा, मनात वीस मोजा आणि सोडा. कॉटनला सुरकुत्या पडणारच. काहीच पडल्या नाहीत तर त्यात पॉलिस्टर आहे, नाहीतर सुरकुती न पडण्याचं रसायन मारलंय.

दोन हातांत धरून कापड एकमेकांवर घासा. पॉलिस्टरचा आवाज कोरडा, थोडा किरकिरा येतो आणि कोरड्या हवेत मनगटावरचे केसही उभे राहतात. कॉटन गप्प असतं. पाण्याच्या थेंबाची परीक्षा सगळे सांगतात: कॉटन पाणी लगेच पितं, पॉलिस्टरवर थेंब बसून राहतो. ती खरी आहे, पण धुतलेल्या कापडावर. नव्या कापडावर सॉफ्टनर आणि खळ असते, त्यामुळे अस्सल कॉटनवरही थेंब घटकाभर तसाच राहतो. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

पक्की परीक्षा जाळून बघण्याची. ती घरी करा, दुकानात नको. शिलाईच्या आतून उभा एक आणि आडवा एक असे दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून पेटवा. कॉटन कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा, राख करडी, बोटाने चोळली की उडून जाते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. दोन्ही दिशांचे धागे वेगवेगळे जाळायला विसरू नका. उभा धागा कॉटनचा आणि आडवा पॉलिस्टरचा, असला माल बाजारात पुष्कळ असतो. या परीक्षेची एक मर्यादाही आहे. व्हिस्कोस कॉटनसारखंच जळतं, त्यामुळे ‘बांबू’ म्हणून विकली जाणारी चादर यात पकडली जाणार नाही. ती बहुतेक व्हिस्कोसचीच असते.

थ्रेड काउंट जितका जास्त तितकी बेडशीट चांगली ना?

नाही. आणि याचं उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

एक इंच लांब, एक इंच रुंद चौकोन घ्यायचा. त्यात उभे धागे किती, आडवे किती, त्यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. इचलकरंजीत कुणी असं एका आकड्यात बोलत नाही. तिथे व्यापारी फोनवर म्हणतो, "साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी." म्हणजे ताणा (उभे धागे) ६० नंबर सुताचा, बाणाही (आडवे धागे) ६० नंबरचा (नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक), इंचात ताण्याचे धागे ९२ आणि बाण्याचे ८८. बेरीज १८०. या चार आकड्यांत कापडाची कुंडली येते. पाकिटावर मात्र फक्त बेरीज येते, आणि तीही फुगवून.

फुगते कशी? ४० नंबरच्या सुताची जाडी अशी असते, की तारा अगदी शेजारी शेजारी चिकटवून मांडल्या तरी इंचात साधारण पावणेदोनशे बसतात. विणताना तर प्रत्येक दोन तारांच्या मधून आडवी तार जायची असते, तिला जागा लागते. त्यामुळे प्लेन, म्हणजे साध्या विणीत दोन्ही बाजूंची बेरीज दोनशेच्या आसपासच अडते. सूत बारीक केलं आणि वीण सॅटिनची, म्हणजे तारा मोकळ्या सोडणारी, घेतली तर तीनशे-चारशेपर्यंत जाता येतं. मग १००० येतात कुठून? एका तारेत दोन-तीन पदर पिळलेले असले की प्रत्येक पदर वेगळा मोजायचा. किंवा आडव्या बाजूला चार-सहा अगदी बारीक तारा एकदम टाकायच्या आणि त्या सगळ्या सुट्या मोजायच्या. पिळाची तार ही एकच तार धरायची, असं मोजणीचं शास्त्र सांगतं. पाकीट छापणाऱ्याला ते सोयीचं नसतं.

मीही यात फसले आहे. भाच्याच्या लग्नात द्यायला एका चकचकीत दुकानातून ‘१००० टीसी’, म्हणजे हजार थ्रेड काउंट, लिहिलेला सेट आणला. रात्री राहवेना, म्हणून कपाटातली जुनी पीक काच काढली. ही घडीची छोटी दुर्बीण असते, खाली बरोबर एक इंचाची चौकट. उभ्या तारा बरोबर निघाल्या. आडव्या बाजूला पाच-पाच केसांसारख्या तारांचे झुपके दिसले, लखलखीत, अजिबात पीळ नसलेले. एक झुपका सुईने उचकटून पेटवला. मणी. लग्नात मी पैशाचं पाकीट दिलं आणि तो सेट अजून आमच्या पाहुण्यांच्या खोलीत आहे. पाहुणे जास्त दिवस राहत नाहीत.

तुमच्याकडे पीक काच नसेल तर मोबाइल चालतो. कापडावर मोजपट्टी ठेवा, कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा, मोठा करून एका सेंटिमीटरमधल्या तारा मोजा आणि २.५४ ने गुणा. प्लेन विणीत १८० ते ३०० आणि सॅटिनमध्ये ३०० ते ४०० हा आकडा प्रामाणिक समजा. त्याच्या वरचं छापलेलं दिसलं की पाकीट खाली ठेवा आणि प्रश्न विचारायला लागा.

मग बघायचं काय?

सूत. थ्रेड काउंट म्हणजे माणसं किती आली ते, आणि सूत म्हणजे आलेली माणसं कशी आहेत ते.

सुताचा नंबर असा ठरतो: एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, तो नंबर. नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक. ४० नंबर म्हणजे एका पौंडात ३३,६०० यार्ड, तीस किलोमीटरच्या वर. साडेचारशे ग्रॅम सुताची एक तार इथून सोडली तर इचलकरंजीत पोचेल. रोजच्या वापराच्या बेडशीटला ४० नंबर उत्तम. ६० नंबरचं कापड अधिक तलम. ३० नंबर किंवा २० नंबर जाडसर असतं, पण टिकाऊ असतं. वसतिगृहात जाणाऱ्या मुलाला तेच द्या.

दुसरा शब्द ‘कोम्ब्ड’. कापूस कातण्याआधी त्यातले आखूड तंतू विंचरून काढले असतील तर ते कोम्ब्ड सूत. न काढता कातलं तर ‘कार्डेड’. आखूड तंतूंची टोकं सुताबाहेर डोकावतात, तीच पुढे घासून घासून गोळे होतात. पाकिटावर कोम्ब्ड लिहिलेलं नसेल तर कापड डोळ्याच्या पातळीला आडवं धरा आणि समोरून उजेड येऊ द्या. पृष्ठभागावर लव दिसते. दाट दिसली तर कार्डेड. तिसरा प्रकार ‘ओपन एंड’. हे सूत स्वस्त आणि फुगीर असतं, हाताला कोरडं लागतं. पडद्याला, पिशवीला ठीक आहे. अंगाखाली नको.

ही तर किती मऊ आहे, हीच घेऊ का?

मऊपणा बाटलीतून येतो. शेवटच्या टप्प्यात सिलिकॉनचं सॉफ्टनर दिलं की गोणपाटही मखमल वाटतं. चार-सहा धुण्यांत ते निघून जातं. उलट, चांगली प्लेन विणीची बेडशीट दुकानात जरा कडक, कोऱ्या कागदासारखी लागते आणि धुता धुता मऊ होत जाते. बोटांना गुळगुळीत, निसरडं, थोडं तेलकट लागलं तर तो सॉफ्टनर समजा.

याची दुसरी बाजू म्हणजे खळ. विरळ कापडात खळ भरली की ते भरीव वाटतं. दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी कापडाचा एक चिमटा जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली, किंवा चोळलेली जागा उजेडात भोवतालपेक्षा पातळ दिसली, तर खळ आहे. मग कापड उजेडाकडे धरा. तारा सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. कुठे दाट, कुठे विरळ असे आडवे पट्टे दिसले, तर माग मध्येच थांबवून पुन्हा चालू केल्याची ती खूण असते.

आता माझा आवडता उद्योग सांगते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बेडशीट वजन करायची. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी डबल बेडशीट आणली, ९० बाय १०८ इंच. हातात भारदस्त. धुण्याआधी अभ्रे बाजूला काढून नुसती चादर काट्यावर ठेवली: ८४५ ग्रॅम. रात्रभर भिजवली, सकाळी बादलीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं. दोनदा धुऊन कडक वाळवून पुन्हा काट्यावर: ७४८. जवळजवळ शंभर ग्रॅम खळ त्यांनी कापडाच्या भावाने घेतली होती. "म्हणजे पाऊण किलोच्या आत गेलं की," असं त्या म्हणाल्या, पण चेहरा पडला तो पडलाच.

याच वजनातून कापडाची जाडीही काढता येते. ९० बाय १०८ इंच म्हणजे सव्वासहा चौरस मीटरच्या किंचित वर. ७४८ ला त्याने भागलं की साधारण १२० ग्रॅम दर चौरस मीटर. सुती बेडशीटला ११० ते १५० ठीक. शंभरच्या खाली गेली तर वर्षभरात मध्यभागी जाळी दिसायला लागते. एक काळजी घ्या. दोन्ही वजनं एकाच हवेत करा. कापूस हवेतला ओलावा धरतो, नेहमीच्या हवेत कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के. जुलैत केलेलं वजन आणि एप्रिलमधलं वजन यांची तुलना केलीत तर उगाच कुणावर तरी आळ घ्याल.

प्लेन घ्यावी की सॅटिन?

प्लेन म्हणजे एक वर, एक खाली. वीण घट्ट, हवा खेळती, अंगाला थंड. सॅटिनमध्ये तार चार तारांवरून उड्या मारत जाते आणि एकीखाली शिरते, म्हणून ती चमकते आणि गुळगुळीत लागते, पण जरा ऊब धरते. इथल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात मी प्लेनच सांगेन. आणखी एक कारण आहे, ते पाकिटावर कधी लिहीत नाहीत: सॅटिनच्या मोकळ्या तारांत जोडवी आणि पैंजण अडकतात. घरात नवी सून येणार असेल तर विचार करून घ्या.

इजिप्शियन कॉटन खरंच असतं का?

असतं, पण जेवढं विकलं जातं तेवढं पिकत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीला ‘इजिप्शियन’ म्हणून विकलेल्या लाखो चादरींत दुसराच कापूस सापडला आणि तिने पुरवठादार तोडला. लांब धाग्याचा कापूस आपल्याकडेही होतो. ‘सुविन’ हे वाण सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून आलं, नावही त्या दोघांवरूनच पडलं. साडेबत्तीस मिलिमीटरच्या वरच्या तंतूला आपल्याकडे अतिलांब म्हणतात. पण रोजच्या पलंगाला चांगलं ४० नंबरचं कोम्ब्ड सूत मिळालं तरी मी समाधानी असते.

डबल बेडशीट घेतली, तरी गादीवरून सुटते. असं का?

कारण गाद्या वाढल्या आणि आपण अजून आईच्या मापाने बेडशीट घेतो. पूर्वी पिंजाऱ्याकडून भरून आणलेली कापसाची गादी चार इंच जाड असायची. आता आठ आणि दहा इंचाच्या आल्या.

हिशेब सोपा आहे. रुंदीत दोन्ही बाजूंची जाडी मिळवायची आणि खाली खोचायला प्रत्येक बाजूला सहा इंच. ७२ बाय ७८ ची, आठ इंच जाडीची गादी घ्या. रुंदी: ७२ अधिक १६ अधिक १२, म्हणजे १००. लांबी: ७८ अधिक १६ अधिक १२, म्हणजे १०६. यावर ९० बाय १०० ची ‘डबल’ पुरणारच नाही. १०८ बाय १०८ लागेल. त्यात कॉटन आटतं. चार टक्के आटलं तरी १०८ चे सव्वाचार इंच कमी होऊन १०४ च्या खाली येतात. म्हणजे लांबीत खोचायला प्रत्येक बाजूला सहाऐवजी पाचच इंच उरतात. काठावरचं माप कधीच घेऊ नका.

पाकिटावर लांबी-रुंदी असते, तरी टेप घेऊन जा. मी दुकानात टेप काढते तेव्हा आमचे हे दोन पावलं मागे सरकतात, आमची ओळख नसल्यासारखे. पण लिहिलंय १०८ आणि निघालं १०४, असं मी स्वतः मोजलंय.

इलॅस्टिकची फिटेड घेणार असाल तर इलॅस्टिक चारी बाजूंनी आहे की फक्त कोपऱ्यांत, ते बघा. कोपऱ्यांतलं इलॅस्टिक रात्रीत सुटतं. खिशाची, म्हणजे गादी आत बसते त्या भागाची, खोली गादीच्या जाडीपेक्षा दोन इंच तरी जास्त हवी.

रंग जाईल का, हे आधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि बेडशीटच्या सगळ्यात गडद भागावर दहा वेळा घासा. थोडा रंग लागला तर चालेल, रुमाल रंगला तर नको. मग कापड उलटं करा. रिॲक्टिव्ह रंग कापसाच्या तंतूला रासायनिक बंधाने धरतो, त्यामुळे छपाईचा भाग हाताला वेगळा लागत नाही. पिग्मेंटचा रंग डिंकासारख्या बाइंडरने वर चिकटवलेला असतो. छापलेला भाग जरा कडक लागतो आणि घासल्या जागी आधी फिकट होतो. गडद पिग्मेंट टाळा. हलक्या रंगात तो निभावतो.

सांगानेरी, बगरू अशी राजस्थानी ठशाच्या छपाईची नावं सांगून स्क्रीनची छपाई सर्रास विकतात. हाताच्या ठशाची असेल तर ठसे जुळतात त्या जागी कुठेतरी केसभर चूक असते. प्रत्येक फूल शेजारच्याची हुबेहूब नक्कल असेल तर तो ठसा नाही.

आणि मीठ. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. माझी आई घालायची, सासूबाई घालायच्या, मीही कितीतरी वर्षं घातलं. होतं इतकंच की वरवरचा सुटा रंग त्या पाण्यात निघतो, तो साध्या पाण्यातही निघतोच.

शिलाईत काय बघायचं?

इंचात दहा-बारा टाके, कडेची पट्टी दुमडून आत घेतलेली आणि कोपरा उसवलेला नसावा. चौकटीचं किंवा पट्ट्यांचं डिझाइन असेल तर एक पट्टी शिलाईच्या कडेबरोबर धरून शेवटपर्यंत नेऊन बघा. पट्टी कडेशी समांतर न राहता तिरकी गेली तर कापड तिरकं कापलंय. ती धुतल्यावर पलंगावर कायम वाकडी बसणार. अभ्रे वेगळे तपासा. सेटमध्ये चादर चांगली आणि अभ्रे हलक्या कापडाचे, ही चलाखी जुनी आहे.

कुठून घ्यावी? महाद्वार रोड, गांधीनगर की थेट इचलकरंजी?

तिन्हीकडे चांगलं मिळतं, तिन्हीकडे फसता येतं. एक-दोन हव्या असतील तर महाद्वार रोड किंवा राजारामपुरी. बदलून द्यायला माणूस समोर असतो आणि अंबाबाईचं दर्शनही होतं. लग्नाच्या देण्याघेण्याला दहा-वीस नग लागणार असतील तर गांधीनगर, पण तिथल्या घाऊक दुकानात गर्दीच्या वेळी पाकीट उघडून बघायला कुणी खुशीने देत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जा.

इचलकरंजीबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, की तिथे सगळं ‘मिलच्या दरात’ मिळतं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गाव कापडावर जगतं. पण तिथे जास्त करून कोरं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड विणलं जातं. ते पुढे प्रोसेसला जातं. किलोवर मिळणारे तुकडे आणि दोषाचा माल चांगला असू शकतो, फक्त प्रत्येक मीटर उलगडून बघायची तयारी हवी. तेलाचा डाग किंवा एखादी सुटलेली तार असेल तर खुशाल घ्या. आडवे विरळ पट्टे असतील तर नको, तिथूनच कापड फाटतं. कोल्हापुरात १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली मिल चालू होती तेव्हा घराघरात कुणीतरी कापडातलं जाणणारं असायचं. आता भोंगाही नाही.

सोलापुरी चादर अंथरायला चालते का?

चालते, पण ती पांघरायची. जॅकार्डची जाड वीण असते, अंगाखाली टोचते. हातमागाची बेडशीट हवी असेल तर २००६ पासून मिळणारा हँडलूम मार्क बघा. तार थोडी कमीजास्त असणं हा हातमागात दोष नाही.

ऑनलाइन घेताना तर हातच लावता येत नाही.

म्हणून वाचायचं जास्त. टक्केवारी, लांबी-रुंदी, वीण आणि दर चौरस मीटर वजन, या चार गोष्टी दिलेल्या नसतील तर पुढे चला. ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा, कंपनीचे नव्हे. त्यातही ‘मस्त आहे, आजच आली’ हे मत सोडून द्या आणि ‘सहा महिने झाले’ असं लिहिणाऱ्यांचं वाचा. आल्या आल्या धुऊ नका. आधी मोजा, धागा जाळून बघा, मग धुवा. धुतलेली परत घेत नाहीत. कॉटन म्हणून पॉलिस्टर आलं आणि दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पावसाळ्यात कॉटन वाळत नाही. पॉलिकॉटन घेतली तर?

घ्या. यात कमीपणा कसला? जुलैत रंकाळ्याच्या बाजूला ज्यांचं घर आहे त्यांना मी काय सांगू? चादर तीन दिवस दोरीवर लोंबते आणि शेवटी कुबट वास येतो तो येतोच. पावसापुरते दोन पॉलिकॉटन सेट ठेवा, फक्त ते पॉलिकॉटनच्या भावाने घ्या. गोळे येतील हे धरून चाला. कॉटनवरचे गोळे झडून जातात, पॉलिस्टर मात्र त्यांना धरून ठेवतं.

पहिलं धुणं कसं करायचं?

गार पाण्यात रात्रभर भिजवून, एकटीच, कमी पावडरीत. ब्लीच नको, त्याने कापसाची तार कमजोर होते. कॉटन ओलं असताना जास्त मजबूत असतं, त्यामुळे आपटून धुतल्याने फाटेल ही भीती सोडा. पिळून दोरीवर टाकताना चारी टोकं ओढून सरळ करा. इस्त्रीचं निम्मं काम तिथेच होतं.

बेडशीट बदलायची वेळ झाली हे कसं कळतं?

खिडकीत उजेडाला धरा. मधला भाग, म्हणजे जिथे खांदे आणि कंबर टेकते तो, कडेच्या भागापेक्षा पातळ दिसायला लागला की झालं. आणखी वर्षभर ओढायची असेल तर मधोमध उभी कापा, कडा मध्ये घेऊन शिवा, आणि पातळ भाग दोन्ही बाजूंना खोचायला जाऊ द्या. शिवण पाठीखाली येते, म्हणून ती चपटी घाला. त्याच्याही पुढची बेडशीट फेकू नका. माझ्याकडे आणून द्या, पुढच्या वाकळेला आत घालायला दोन हव्याच आहेत. फक्त ती शंभर टक्के कॉटन असू द्या. मी जाळून बघणार आहे.